पाखरे पाहणाऱ्यांचे देणे

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात लास्ट माउंटन नावाचे एक लांबट सरोवर आहे. शरद ऋतूत त्याच्या उत्तर टोकाच्या पाणथळीवर भल्या पहाटे जाऊन उभे राहावे, तो उथळ पाण्यात रात्र काढलेले हजारो क्रौंच पक्षी आकाशात झेपावतात आणि त्यांच्या हाकांनी प्रेअरीचा तो अफाट गवताळ माळ दुमदुमून जातो. हा सोहळा पाहण्यास दूरदूरचे पक्षिनिरीक्षक तेथे जातात. परंतु हे वैभव तेथे टिकले कसे, हा प्रश्न आम्हांस त्या सोहळ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्या प्रदेशात रेल्वे येऊ घातली होती आणि नव्या वसाहतवाल्यांना जमिनी दिल्या जाणार होत्या. तत्पूर्वीच, १८८७ साली, तेथील सरकारने सुमारे अडीच हजार एकर जमीन पाखरांसाठी राखून ठेवली. उत्तर अमेरिका खंडातील हे पहिले पक्षी अभयारण्य. रूळ पडण्यापूर्वी हे सुचले, यातच त्या निर्णयाचे मोल आहे.

सर्वत्र असे घडले नाही. हिमनद्यांनी मागे ठेवलेल्या लाखो उथळ डबक्यांत त्या खंडातील निम्मी किंवा त्याहूनही अधिक बदके जन्माला येतात. पण शेतीसाठी चर खणून अगणित डबकी आटवण्यात आली आणि १९३०च्या दशकातील अवर्षणाने उरलेल्यांवर घाला घातला. तेव्हा अमेरिकेने १९३४ साली बदकांच्या शिकाऱ्यांना एक तिकीट विकत घेणे सक्तीचे केले. पहिल्या तिकिटावरील चित्र जे डार्लिंग या वृत्तपत्रीय व्यंगचित्रकाराने काढले होते. त्या वेळी एक डॉलर किंमत असलेले हे तिकीट आज पंचवीस डॉलरला मिळते, आणि त्या पैशातून सुमारे साठ लाख एकर पाणथळ व गवताळ जमीन राखली गेली आहे. बंदूकवाल्याने कायद्याने पैसे मोजले. दुर्बीणवाल्याला मात्र ते ऐच्छिक राहिले, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने नद्यांना न जोडलेल्या पाणथळींना मिळणारे केंद्रीय कायद्याचे संरक्षण काढून घेतले. कायद्याचा हात सुटला, तरी पैसे मोजून राखलेली जमीन मात्र पाखरांचीच राहिली.

गोमंतकाला या कथेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. प्रेअरीत घरटी करणारे थापट्या आणि तलवार बदक याच जातींची पाखरे हिवाळ्यात करमळीच्या तळ्यावर उतरतात. थवे मात्र आशियाच्या उत्तरेकडील. आपल्याकडे १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचे रूळ त्याच तळ्याच्या काठाने गेले. कुडचड्याच्या नंदा तळ्यास २०२२ साली रामसर स्थळाचा मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट. पण आपली पाणथळ हिमनद्यांनी घडविलेली नाही. नंदा तळ्यातील पाणी गावकरी फाटक घालून साठवितात आणि खालच्या शेतांतील भातासाठी सोडतात. शेतकऱ्याने शेत पडीक टाकले की बांध फुटतो, मानस कुजते आणि मातीचा ट्रक येऊन उभा राहतो. मग बदकांना अभयारण्याची पाटी वाचता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पक्षी दाखविण्याच्या सहलींतून आणि हॉटेलांच्या पर्यटनातून मिळणाऱ्या पैशाचा ठराविक वाटा तळ्याच्या बांधांसाठी व भात पिकविणाऱ्यांसाठी कायद्याने बाजूला काढावा, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे दरवर्षी मांडला जावा. दुर्बीण घेऊन येणाऱ्या रसिकाला हा भार जड वाटू नये. ज्याच्या पाण्यावर त्याचा आनंद तरंगतो, त्या शेतकऱ्याचे ते रास्त देणे आहे. सरकारने येत्या हिवाळ्यातील थवे उतरण्यापूर्वी याचा आरंभ करावा.