मिठाचे पाणी

आज जरा रशियाची गोष्ट. विस्तार अधिकाऱ्याला हे कुठून सुचलं, म्हणाल. ऐका तर.

रशियात १८६१ साली भूदासांची सुटका झाली, पण जमिनीचे हप्ते फेडताना शेतकरी पार वाकला. शहरातल्या शिकलेल्या पोरांच्या मनाला ते लागलं. १८७४ च्या उन्हाळ्यात ती हजारोंनी, शेतकऱ्याचे कपडे चढवून खेड्यांत शिरली. 'नरोद' म्हणजे जनता, म्हणून ते नरोदनिक. मन साफ, पण त्यांची पुस्तकी भाषा शेतकऱ्याला कळेना. काही ठिकाणी गावकऱ्यांनीच त्यांना पोलिसांच्या हवाली केलं! पुढे १९३ जणांवर खटला चालला.

आता आपल्या अलिबाग तालुक्यातले चरी घ्या. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने २५ गावच्या कुळांनी खोताची जमीन कसणे बंद केले, ते थेट १९३९ पर्यंत. लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण हटले नाहीत. १९३४ साली डॉ. आंबेडकर चरीला आले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. शिकलेली माणसं इथेही होतीच की. पण खळ्यावर भात किती पडले नि खोताने किती नेले, हा कुळाचाच हिशेब त्यांनी पुढे मांडला.

हे आठवायचं कारण, मीही थोडा नरोदनिकच. खाडीकाठच्या एका गावात बीजप्रक्रिया समजावत होतो: दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, तरंगेल ते भात काढून टाका. एक आजी म्हणाल्या, "मिठाचं पाणी आमच्या शेतात आहेच की साहेब. बांधाला खांड पडलीय, ती कधी बुजवणार?" माझ्या नोंदवहीत खांडीचा रकानाच नव्हता.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींना विनंती. येत्या ग्रामसभेत माझे भाषण मागे ठेवा, खांड पुढे घ्या. बांध सरकारी योजनेतला की खाजगी, ते आधी पाहा. खांडीची लांबी, उघाडीची अवस्था, खारे पाणी शिरलेले गट नंबर असा ठराव करून खारभूमी विभागाकडे पावसाआधी द्या नि पोच घ्या. मोजायला टेप मी आणतो, धरायला एक माणूस द्या.