येळकोट म्हणजे नेमकं काय?

सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी जेजुरीगडावरून कऱ्हास्नानाला निघते. उधळलेल्या भंडाऱ्याने पायऱ्या, दीपमाळा, माणसं सगळीच पिवळी होतात आणि एकच गजर उठतो: ‘येळकोट येळकोट जय मल्हार!’ मल्ल दैत्याला मारणारा तो मल्हारी, हे गर्दीतलं कुणीही सांगेल. येळकोटापाशी मात्र भले भले अडखळतात.

सर्वांत भक्कम धागा कानडीकडे जातो. कानडीत ‘एळु’ म्हणजे सात, ‘कोटि’ म्हणजे कोटी. पण सात कोटी काय? मणि आणि मल्ल या दैत्यांवर चालून जाताना मार्तंडभैरवासोबत, म्हणजे खंडोबासोबत, सात कोटींची सेना होती, हा तिचाच जयघोष, असं एक मत. दुसऱ्या मताने हा सात कोटींच्या धनधान्याचा आशीर्वाद. मराठी कानाला ‘कोट’ म्हटलं की गडाची तटबंदी दिसते. आणि कानडीत ‘एळु’चा आणखी एक अर्थ आहे: ऊठ!

कर्नाटकातल्या मैलार गावी खंडोबा मैलारलिंग होतो आणि तिथले भक्त ‘एळुकोटी’ गर्जतात. माघ पौर्णिमेच्या सुमारास तिथल्या जत्रेत गोरवय्या, म्हणजे मैलारलिंगाचा भक्त, उंच धनुष्यावर चढतो, गर्दीला गप्प करतो आणि एकच वाक्य उच्चारतो. ते वर्षाचं भाकीत. मग पाऊसपाण्यापासून राजकारणापर्यंत जो तो आपापला अर्थ लावू लागतो. या दैवताच्या दारी शब्द असेच अनेक अर्थांनी नांदतात.

मराठीने तर हा शब्द थेट म्हणीत नेला. ‘वाघ्याचा पाग्या झाला, तरी त्याचा येळकोट राहीना.’ वाघ्या, म्हणजे खंडोबाला वाहिलेला भक्त, घोड्यांच्या पागेवर अधिकारी झाला, तरी त्याच्या तोंडची आरोळी सुटत नाही. इथे येळकोट म्हणजे हाडीमाशी खिळलेली सवय.

मला यातला एकच अर्थ खरा ठरवून बाकीचे निकालात काढण्याची घाई नको वाटते. धनगर, लिंगायत, ब्राह्मण, मराठा अशा कितीतरी समाजांचं हे कुलदैवत. त्यांच्या तोंडून जो शब्द दोन भाषांत फिरला, त्याला प्रत्येक मुक्कामी नवा अर्थ चिकटणारच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरून आपण कितीही भांडलो, तरी येळकोटाचा गजर करताना जेजुरीच्या गडावर मराठी माणूस बहुधा कानडीच बोलतो.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी खंडोबाची तळी भरत असेल, तर येत्या चंपाषष्ठीला घरातल्या वडीलधाऱ्यांना, जागरणाला आलेल्या वाघ्या-मुरळींना येळकोटाचा अर्थ विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा. कोशांत न सापडणारे अर्थ त्यांच्याकडेच आहेत.