खेळाचा तास कापू नका, हाडं तिथेच घडतात

सहावीच्या वर्गात अस्थिसंस्थेचा धडा संपला की आपला ठरलेला प्रश्न असतो, “शरीरात हाडं किती?” सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, “206!” आपल्याला वाटतं, झालं, धडा समजला.

गंमत म्हणजे, उत्तर देणाऱ्या एकाही मुलाच्या शरीरात हा आकडा अजून पुरा जुळत नाही. जन्मलेल्या बाळात हाडांचे सुमारे 300 भाग असतात. वाढता वाढता त्यातले बरेच एकमेकांना जुळतात आणि मोठेपणी 206 हाडं उरतात. आपल्या विद्यार्थ्यांचा सांगाडा अजून घडतो आहे. मला वाटतं, धड्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

हाड जिवंत असतं. त्यातल्या काही पेशी जुनं हाड काढून टाकतात, काही नवं रचतात. कुठे जास्त रचायचं हे बरंचसं त्यावर पडणाऱ्या भारावरून ठरतं. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, ते यामुळेच. उलट अंतराळात भारच नसतो, म्हणून अंतराळवीरांच्या कंबरेची हाडं महिन्याला साधारण एक टक्क्याने विरळ होतात.

हा भार देतात स्नायू. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. मुलांना दंडावर हात ठेवून कोपर वाकवायला सांगा. पुढचा स्नायू आखडून फुगलेला लागेल. कोपर सरळ करताना मागचा ओढतो. अशा जोडीनेच आपण धावतो, उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत हाडाला घडण्याचा निरोप जातो.

हाडांची बहुतेक पुंजी बालपणात आणि किशोरवयातच जमते. तिशीनंतर ती वाढवणं अवघड. जमलेली टिकवायची एवढंच. दूध, नाचणी, ऊन हवंच, पण हाडांवर भार पडला नाही तर नुसत्या खाण्याने काम पूर्ण होत नाही.

आणि आपण काय करतो? परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड खेळाच्या तासावर! गणिताचा भाग राहिला म्हणून मीही तो तास मागून घेतला आहे. पालकही म्हणतात, “सर, खेळ काय सुट्टीत खेळतीलच की.” पण सुट्टीत क्लास असतो, नाहीतर मोबाइल.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते. आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम हवेत. त्यासाठी महागडं साहित्य नको. लंगडी, दोरीवरच्या उड्या, खो-खो पुरे.

तेव्हा शिक्षक मित्रहो, हा धडा एकदा मैदानावर घेऊन बघा. पालकांनो, शाळेला गुण विचारता तसंच हेही विचारा, “या आठवड्यात खेळाचे तास किती झाले?”