चालता हो!

वाचकहो, फराळाच्या ताटात करंजी-चिरोट्यांच्या शेजारी तिखट शेव हवीच. म्हणून यंदा थोडे तिखट बोलावे म्हणतो.

घरातून निघताना 'जातो' म्हटले की आपल्याकडे आई रागावते. 'जातो म्हणू नये रे, येतो म्हण!' आपल्यालाही 'चालता हो' आणि 'तोंड काळे कर' येते, नाही असे नाही. पण समोरच्याला घालवून देण्यासाठी इंग्रजाने जे शिव्यांचे कोठार भरून ठेवले आहे, त्याला तोड नाही!

त्या कोठाराशी माझी गाठ पडली ती १९६७ साली, बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात. मी तिथे उमेदवारी करीत होतो. नोव्हेंबरात एके सकाळी वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ती घेऊन मी फोरमनपुढे उभा राहिलो. गृहस्थ लालबुंद चेहऱ्याचा आणि तोंडाचा भारी फटकळ. त्याने तार वाचली, माझ्या हातात परत दिली आणि खेकसला, 'बगर ऑफ!'

शाळेत 'प्लीज' आणि 'काइंडली' शिकून गेलेला मी! नोकरी गेली असे समजून खोलीवर आलो आणि ट्रंक भरू लागलो.

पुढे या शब्दांच्या मागेच लागलो. 'बगर'चे मूळ निघाले थेट बल्गेरियात! मध्ययुगात तिथे बोगोमिल नावाचा पाखंडी पंथ होता. त्यावरून फ्रेंचांनी पाखंड्यांना 'बूग्र' म्हटले, त्यांच्यावर अनैसर्गिक संभोगाचे आरोप केले आणि एका देशाच्या नावाची शिवी झाली. फ्रान्सिस ग्रोझने १७८५ साली असभ्य बोलीचा कोश छापला. त्यात 'पाइक ऑफ' म्हणजे पळ काढणे. 'स्किडॅडल' अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ साली, गाजला. रणांगणातून पळणाऱ्यांची ती टिंगल होती. 'व्हमूस'ची कथा तर मोठी गमतीची. स्पॅनिशमध्ये 'व्हामोस' म्हणजे 'चला, जाऊ या'. अमेरिकनांनी ते उचलले आणि त्या आमंत्रणाची हकालपट्टी करून टाकली! पहिल्या महायुद्धात इजिप्तमधल्या गोऱ्या सैनिकांनी अरबांचे 'इम्शी' घेतले, हिंदुस्थानातल्यांनी आपल्या 'जल्दी'चे 'जिल्डी' केले. १९२०च्या दशकात अमेरिकेत 'स्क्रॅम' निघाला. आज अणुभट्टी तातडीने बंद करण्यालाही शास्त्रज्ञ 'स्क्रॅम'च म्हणतात. आणि १९७४ साली बीबीसीच्या 'पॉरिज' मालिकेतल्या कैद्यांना खऱ्या शिव्या देता येईनात, म्हणून त्यांच्या तोंडी 'नॅफ ऑफ' घातले. ते इंग्लंडभर झाले!

मात्र एक गोष्ट मला कोणत्याही कोशाने शिकवली नाही. ती त्या संध्याकाळीच कळली.

दारावर थाप पडली. उघडतो तो फोरमन! मला पाहून त्याचा चेहरा अधिकच लाल झाला.

'अजून इथेच? सकाळीच तुला सांगितले ना, घरी पळ म्हणून!'

त्याने एक पाकीट माझ्या हातात कोंबले. कामगारांनी वर्गणी काढून विमानभाड्याला पैसे जमवले होते. पाकिटावर कोणाचेही नाव नव्हते. मी आभार मानू लागलो, तोच पुन्हा तेच दोन शब्द माझ्या अंगावर आले. या वेळी मात्र त्यांचा अर्थ मला चोख कळला.

वडील भेटले. तीन दिवस भेटले. तेवढे दिवस मला मिळाले ते त्या शिवीमुळे.

नंतरच्या आयुष्यात मला अनेकांनी अतिशय सभ्य भाषेत वाटेला लावले. 'आपला अर्ज खेदपूर्वक परत करीत आहोत' यात एकही शिवी नसते. पण त्या पत्रांमागे कोणी जिना चढून माझ्या खोलीवर आले नाही. म्हणून शब्द ऐकावा, आणि तो कोण म्हणतो आहे तेही पाहावे.

असो. जागा संपली. संपादकांनी तिखट शब्द वापरण्याआधी निघालेले बरे. येतो!