जकात आणि नाका

मराठीतला ‘जकात’ हा शब्द आपल्याच जकातीवरून आला, पण येताना अर्थ बदलून आला. घरात जकात म्हणजे वर्षभर साठलेल्या मालातला गरिबाचा हक्क, शेकडा अडीच. बाजारात जकात म्हणजे वेशीवर गाडी अडवून घेतलेला पैसा. वर्गात मुले या दोन अर्थांत गोंधळतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. शरीअतने मात्र हा गोंधळ ठेवलेला नाही. व्यापाऱ्याला वाटेत अडवून केलेल्या वसुलीला हदीसमध्ये ‘मक्स’ म्हटले आहे आणि ती घेणाऱ्याबद्दल फार कडक शब्द आले आहेत.

आमच्या कनेरगावच्या तर नावातच नाका आहे. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. निजामाच्या राज्यात मालावर करोडगिरी भरावी लागे. आता ती हद्द मराठवाडा-विदर्भाची, म्हणजे बोलण्यापुरती उरली. मुंबईच्या वेशीवरची जकात मात्र १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावरच संपली. तोवर मुलुंड-दहिसरला ट्रकच्या रांगा लागत. रांगेत डिझेल जळते, ड्रायव्हरचा दिवस जातो, भाजी सुकते. ज्याला घाई असेल तो चहापाण्याचे देतो. लाचेची रक्कम सगळे मोजतात, रांगेचा खर्च कुणी मोजत नाही. तो किराण्याच्या बिलात बसून आपल्या घरी येतो.

आणि जो धंदा सुरूच झाला नाही, त्याचा हिशेब तर कुठेच नसतो. आपल्या वस्त्यांत बेकरी, मसाला, लोणची-पापड करणारी कितीतरी घरे आहेत. छोट्या खाद्य व्यावसायिकाच्या सरकारी नोंदणीची फी अनेक वर्षे सालाना १०० रुपये होती. दलाल त्याच कागदाचे किती घेतो, हे वाचकांना मी सांगायला नको. त्या भीतीने एखादी भगिनी घरातच चार किलो मसाला करून थांबते. दोन बायकांना काम मिळाले असते, ते मिळत नाही. गावाची वाढ खुंटते ती अशी, आवाज न करता.

म्हणून नियमच नकोत, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा शोधणारे आणि तो लपवणाऱ्याला खडसावणारे आपले पैगंबर (स.) होते. तपासणी हवीच. प्रश्न आहे तपासणाऱ्याच्या हाताचा.

सोयाबीनचेच बघा. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या खाली. सरकारी खरेदीला अट ओलाव्याची, १२ टक्क्यांपर्यंत. अट योग्यच आहे, ओला माल गोदामात सडतो. पण ज्या माणसाच्या हाती ते यंत्र, त्याच्या हाती शेतकऱ्याचे वर्ष. माल परत नेण्याचे भाडे परवडत नाही, म्हणून तो बाहेर मिळेल त्या भावाला विकला जातो. नोव्हेंबरमध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर, ही मर्यादा केंद्राने १५ टक्के केली. तोवर गरजू शेतकऱ्याचा माल विकून झाला होता. हीच सवलत महिनाभर आधी देता आली नसती का?

नियम कधी आणि कुणासाठी बदलतो, हे ठरते दारावर कोण उभे आहे यावर. २०१३ मध्ये एलबीटीविरुद्ध व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांची त्यातून सुटका झाली. मागणी उघड होती, त्यात गैर काही नाही. खाद्यतेलाचे पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले, सोयाबीनवाल्याला हायसे वाटले. ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आले. रिफाइंड तेलाचे शुल्क तसेच राहिले, कारण दोन्हींत मोठे अंतर असावे ही रिफायनरीवाल्यांची मागणी होती. तेल स्वस्त झाले तर आपल्या स्वयंपाकघराचा फायदा, हे खरे. पण पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या बाजूने बोलायला दिल्लीत तितक्या ताकदीची संघटना नव्हती. हाही नाकाच, फक्त दिसत नाही.

जकात गोळा करायला पाठवलेल्या एका माणसाने परत येऊन काही माल वेगळा काढला आणि तो आपल्याला भेट मिळाल्याचे सांगितले. आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर भेट आली असती का, असे हुजूर (स.) यांनी विचारले. आज सरकारी खुर्चीवर आपलीही मुले बसतात. त्यांची पहिली ‘मिठाई’ घरात येते तेव्हा अम्मीने हाच प्रश्न विचारावा.

देणाऱ्याचे काय? सूरह बकराच्या १८८ व्या आयतीत हाकिमांपर्यंत माल पोहोचवून दुसऱ्याचा हक्क खाण्याची मनाई आहे. मात्र स्वतःचा हक्क मिळवताना जबरदस्तीने द्यावे लागले तर गुनाह घेणाऱ्यावर, असे अनेक उलमांनी लिहिले आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर आपला कायदाही देणाऱ्याला गुन्हेगार धरतो, पण जबरदस्तीने दिलेल्याने सात दिवसांत तक्रार केली तर सूट देतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४, फोन फुकट लागतो. दाखला अडला असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदत ठरलेली आहे आणि अपीलही करता येते. अर्ज दिल्यावर पोच घ्या, तिच्यावर तारीख असू द्या. पोच नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?