इशारा कोणाच्या दारापर्यंत?

वाचकहो, संकट जात पाहत नाही असे आपण वारंवार ऐकतो. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पाऊस जात पाहत नाही. परंतु ज्याचे घर सखल जागी, त्याच्याच घरात पाणी प्रथम शिरते, आणि गावात कोणी कोठे वसावे हे काही ढगांनी ठरविलेले नाही.

बीड जिल्ह्यास हा अनुभव नवा नाही. १९८९ साली बिंदुसरेच्या महापुराने बीड शहर हादरले. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने जिल्ह्यातील गावे पाण्याने वेढली आणि आष्टी तालुक्यात अडकलेल्यांस लष्कराच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले.

या मधल्या काळात विज्ञानाने मोठी मजल मारली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप सभोवतालच्या २० ते ४० किलोमीटरमधील विजेच्या धोक्याची सूचना देते. मोबाईल मनोऱ्याच्या कक्षेतील फोनांवर एकाच वेळी इशारा धाडणाऱ्या यंत्रणेची चाचणी २०२३ साली देशभर झाली. या साधनांचे आम्ही स्वागतच करतो. प्रश्न एवढाच, की ती पोहोचतात कोणापर्यंत?

‘दामिनी’स स्मार्टफोन हवा, इंटरनेट हवे. दुसऱ्याच्या रानात खुरपणी करणाऱ्या भगिनीच्या घरी एकच फोन असेल, तर तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. वीज रानात पडते. इशारा मात्र बाजारात वाजतो!

ऊसतोड मजुराची स्थिती याहून बिकट. दसऱ्यानंतर हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, कोपीत राहतात. रात्री बाळंतवेणा सुरू झाल्या, सर्पदंश झाला, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन लावला, तर विचारणा होते: ‘आपण कोठे आहात?’ परक्या शिवारातील कोपीला पत्ता कोठला? कोणत्या शेतातील ऊस कधी तोडावयाचा याची नोंद कारखाना ठेवतो. उसाला पत्ता आहे, तोडणाऱ्याला नाही!

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ६१ अन्वये भरपाई व मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. आमचे म्हणणे असे, की वेळेवर मिळालेला इशारा हीच पहिली मदत होय. माणूस वाहून गेल्यावर समान भरपाई देणे, यास समता म्हणता येणार नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, येत्या ग्रामसभेत तीन मागण्या मांडा. वस्तीवर भोंगा बसवावा आणि पावसाळ्यापूर्वी तो सर्वांसमक्ष वाजवून पाहावा. वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रिया यांची यादी करून प्रत्येकास बाहेर काढण्याची जबाबदारी नावानिशी सोपवावी. आणि तोडणीस निघणाऱ्या प्रत्येक टोळीच्या मुक्कामाचे ठिकाण तेथील आरोग्य केंद्रास आधी कळवावे. हे मागताना हात जोडू नका. ही याचना नव्हे, हा हक्क आहे. आणि झालेला ठराव इतिवृत्तात नोंदविला गेल्याखेरीज सभेतून उठू नका.