वेगाची शाळा

रात्री मोकळा रस्ता दिसला, की आमच्या सुरतेतही काही तरुणांच्या अंगात वेगाचे वारे संचारते. पावसाळ्यात तर हा खेळ अधिकच जिवावरचा ठरतो. याविषयी वर्गात बोलणे निघाले असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, शर्यतीत गाडी पळविली तर टाळ्या आणि आम्ही पळविली तर पोलीस, असे का?"

प्रश्न चोख होता. त्याचे उत्तर आम्ही गतवर्षी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे डोळ्यांनी पाहिले होते. पूर्वी तिकडील शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानतळावरील धावपट्टीवर होत. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने हा सुमारे 3.7 किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग उभारला. 1990 पासून तो वापरात आहे. सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात. समोरून सायकल येत नाही, की शाळकरी पोर आडवे जात नाही.

दिवस ईशान्य मोसमी पावसाचे होते. सकाळी कडक ऊन, दुपारी धो धो सर, घटकाभराने पुन्हा ऊन! सर येताच काही गाड्यांचे गुळगुळीत टायर उतरवून खाचांचे टायर चढविण्याची लगबग उडाली. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत रबर अधिक घट्ट पकड घेते. परंतु पावसात पाण्याला वाट न मिळाल्याने गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते आणि सुकाणू असूनही नसल्यासारखे होते. खाचा पाणी बाहेर फेकतात, म्हणून चाके रस्ता धरून राहतात. मार्ग निसरडा झाला, की पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचे निशाण दिसते; लाल निशाण फडकताच शर्यत थांबते. आज्ञा मोडणारा कितीही चपळ असो, त्याला शिक्षा होते. अशी ही शिस्त! वेगाइतकेच तेथे थांबण्यालाही मोल आहे.

रस्त्यावरच्या शर्यतीत यांपैकी काहीच नसते. शिवाय समोरच्या वाटसरूने त्या खेळात उतरण्यास संमती दिलेली नसते. म्हणूनच मोटार वाहन कायद्याचे 189 वे कलम सार्वजनिक जागी विनापरवाना शर्यतीस मनाई करते. 2019 च्या दुरुस्तीने आलेले 199 अ हे कलम तर पालकांनी अवश्य ध्यानी घ्यावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. मुलालाही वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

वाचकहो, मुलाला वेगाची हौस असेल तर ती मोडू नका. तिला रीतसर मैदान दाखवा. मात्र तो अठरा वर्षांचा होऊन परवाना मिळेपर्यंत किल्ली आपल्याच कनवटीला ठेवा. आणि पावसाळ्यापूर्वी आपल्या मोटारीचे टायर तपासा: खाच 1.6 मिलिमीटरहून उथळ झाली असेल, तर टायर बदलण्यात चालढकल नको. मुले उपदेश विसरतात, घरातले वागणे मात्र विसरत नाहीत.